दत्तक बाळ आणि ग्वांगझूचा बाजार: शामियान बेटावर अमेरिकी पालक काय खरेदी करायचे?

मूल दत्तक घ्यायला दुसऱ्या देशात गेलेल्या आई-बाबांना बाजारात हिंडायला वेळ कुठून मिळत असेल, असं कुणालाही वाटेल. चीनमध्ये तो वेळ भरपूर मिळायचा, कारण बाळ हातात आल्यानंतरही कागद पूर्ण होईपर्यंत देश सोडता येत नसे.

चीनचा दत्तक कायदा 1 एप्रिल 1992 पासून लागू झाला आणि परदेशी पालकांसाठी दार उघडलं. पुढच्या तीन दशकांत 1 लाख 60 हजारांहून अधिक मुलं परदेशात गेली. त्यातली निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे 82 हजार, एकट्या अमेरिकेत. एक मूल धोरणाच्या त्या काळात, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, यात मुलींचं प्रमाण प्रचंड होतं.

सगळे ग्वांगझूलाच का यायचे?

प्रवास साधारण दोन आठवड्यांचा असायचा. आधी बाळाच्या प्रांताची राजधानी. तिथे मूल ताब्यात मिळायचं, दत्तकविधानाची नोंद व्हायची आणि बाळाचा चिनी पासपोर्ट तयार होईपर्यंत थांबावं लागायचं. मग सगळी वरात दक्षिणेकडे ग्वांगझूला. कारण चीनमधल्या दत्तक मुलांना अमेरिकेचा व्हिसा फक्त तिथल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून मिळत असे. बाळाची वैद्यकीय तपासणी, अर्ज, मुलाखत, उजवा हात वर करून घ्यायची शपथ, आणि या सगळ्याच्या मध्ये बरेच रिकामे दिवस.

हा दूतावास बरीच वर्षं पर्ल नदीकाठच्या शामियान नावाच्या चिमुकल्या बेटावर होता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आणि फ्रेंच व्यापाऱ्यांची वसाहत असलेलं हे बेट वडासारख्या मोठ्या झाडांच्या सावलीत आहे, आणि एका अरुंद कालव्याने मुख्य शहरापासून वेगळं झालेलं आहे. दूतावासाच्या शेजारीच 1983 मध्ये सुरू झालेलं व्हाइट स्वान हॉटेल. दत्तक कुटुंबं इथे इतकी उतरायची की पाश्चात्य लोककथेत बाळ आणून देणाऱ्या करकोच्यावरून त्याला गमतीने ‘व्हाइट स्टॉर्क’ म्हणू लागले. मॅटेल कंपनीने तर इथे उतरणाऱ्या दत्तक कुटुंबांना भेट देण्यासाठी खास बाहुली बनवली होती: गोऱ्या बार्बीच्या कडेवर चिनी बाळ. ती दुकानात विकत मिळत नसे.

दुकानं बाळांभोवती वाढली

हॉटेलबाहेरच्या गल्ल्यांतल्या दुकानदारांनी गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. बाबागाडी फुकट वापरायला द्यायची, हॉटेलपेक्षा स्वस्तात कपडे धुऊन द्यायचे, आणि धुतलेले कपडे घ्यायला आलेल्या पालकांना चार वस्तू दाखवायच्या. बऱ्याच जणांनी गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी इंग्रजी नावं घेतली होती. भावाची घासाघीस कॅल्क्युलेटरवर चालायची: दुकानदार आकडा टाकणार, गिऱ्हाईक तो पुसून आपला टाकणार.

सर्वात जास्त काय खपायचं? एक म्हणजे चालताना चूं-चूं वाजणारे बूट, जे आपल्याकडच्या जत्रेतही मिळतात. दुसरं, रेशमी छिपाओ, म्हणजे उभ्या गळ्याचा चिनी झगा. तो अनेक पालक एक घेत नसत. एक वर्षाच्या मापाचा, दोन वर्षांचा, तीन, चार, पाच असे वाढत्या मापांचे घ्यायचे, दर वाढदिवसाला किंवा चिनी नववर्षाला एक. मूल पुढे किती उंच होईल याचा अंदाज तिथे उभ्या उभ्या बांधायचा. मोत्यांच्या माळाही घेतल्या जात, मुलगी मोठी झाल्यावर तिला देण्यासाठी.

पण या सगळ्यात खरी वजनदार वस्तू म्हणजे दगडाचा शिक्का. चीनमध्ये सहीऐवजी किंवा सहीसोबत नावाचा कोरीव शिक्का उमटवण्याची फार जुनी पद्धत आहे. दुकानदार बाळाचं चिनी नाव कागदावरून बघून दगडावर कोरून द्यायचा, सोबत लाल शाईची डबी. हे नाव बहुतेकदा अनाथालयाने ठेवलेलं असायचं. काही ठिकाणी एका अनाथालयातल्या सगळ्या मुलांचं आडनाव एकच, कधी गावाच्या नावावरून घेतलेलं, तर कधी ‘दांग’ म्हणजे पक्ष किंवा ‘ग्वो’ म्हणजे देश. जन्मदात्यांनी काय हाक मारली होती हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसायचं. त्यामुळे शिक्क्यावरची ती दोन-तीन अक्षरं एवढाच काय तो आधीच्या आयुष्याचा धागा, आणि तोही सरकारी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शामियानवरचा माल बाळाच्या गावचा नव्हता. मूल हुनानमधलं असो की जियांगशीतलं, छिपाओ आणि मोती सगळ्यांना सारखेच मिळत, आणि ते अमेरिकी नजरेला ‘चीन’ वाटेल असेच निवडलेले असत. म्हणूनच जाणते पालक पहिल्या आठवड्यातच, बाळाच्या स्वतःच्या शहरात, भाजीबाजारात आणि रस्त्यावरच्या दुकानांत खरेदी करून घेत: तिथला चहा, तिथली भांडी, तिथली भरतकामाची झोळी. अनाथालयात बाळ जी दूध पावडर पीत होतं ती शोधणंही त्यात आलं. कारण अन्न अचानक बदललं की बाळाचं पोट बिघडायचं. 2008 मध्ये चिनी दूध पावडरीतली मेलामाइनची भेसळ उघड झाली आणि मग ही निवडही सोपी राहिली नाही. भाताची पेज मात्र सगळीकडे मिळायची. कोकणातल्या आजारी माणसालाही ओळखीची वाटेल अशी ती पेज अनेक बाळांनी नव्या आईच्या हातून खाल्लेली पहिली गोष्ट असे.

कालव्यापलीकडचा छिंगपिंग बाजार

बेटावरून छोटा पूल ओलांडला की छिंगपिंग बाजार. 1979 मध्ये, आर्थिक सुधारणांच्या अगदी सुरुवातीला उभा राहिलेला हा खुला बाजार. पोत्यांनी भरलेली वनौषधींची दुकानं, वाळवलेले समुद्रघोडे, अळंबी, जिनसेंग, हरणांची शिंगं, विंचू. जिवंत प्राणीही असत. 2003 मध्ये सार्सची साथ आल्यावर वन्य प्राण्यांच्या व्यापारावर कडक बंधनं आली आणि बाजाराचं रूप बरंच बदललं. बाळाला छातीशी बांधून हिंडणाऱ्या पालकांपैकी काही जण पाच मिनिटांत परत फिरत, काही तासभर रमत.

खरी परीक्षा दुकानात नसायची, रस्त्यात असायची. वयस्क चिनी बायका बिनदिक्कत थांबवून बाळाचे पाय चाचपून बघत आणि अंगावर कपडे कमी आहेत म्हणून रागावत. चीनमध्ये उन्हाळा सोडला तर बाळाला थरावर थर घालायची पद्धत आहे. मग हाताने सदरा खाली ओढून, टोपी नीट करून त्या पुढे जात. ‘नशीबवान बाळ’ असंही लोक म्हणत. अनेक पालकांना त्यावर काय बोलावं कळत नसे. नशीबवान आपणच, असं उत्तर द्यायला ते चिनी शब्द शिकून घेत. पण बाळाने नुकतंच काय गमावलंय हे ना त्या बाईला ठाऊक असे, ना पालकांना.

आणि पैशांचा मुद्दा. बाजारात दहा-वीस युआनसाठी हुज्जत घालणाऱ्या याच पालकांनी आठवड्यापूर्वी अनाथालयाला ठरलेली ‘देणगी’ दिलेली असे. ती बरीच वर्षं 3,000 डॉलर होती, बहुधा रोख आणि कोऱ्या नोटांत. गरीब भागात ही रक्कम मोठी होती. 2005 मध्ये हुनानमधल्या हेंगयांग भागात काही अनाथालयांनी दलालांकडून बाळं विकत घेतल्याचं उघड झालं आणि पुढच्या वर्षी आरोपींना तुरुंगवास झाला. ‘बाजार’ या शब्दाचा दुसरा अर्थ तेव्हा अनेक पालकांसमोर आला. त्यांनी आपल्या मुलांचे कागद पुन्हा काढून वाचले.

मग गर्दी ओसरली

2005 मध्ये सुमारे 7,900 चिनी मुलं अमेरिकेत दत्तक गेली. तो सर्वोच्च आकडा. चीनने नियम कडक केले, देशातच दत्तक घेणारे वाढले, आणि 2019 मध्ये ही संख्या हजाराच्या खाली आली. दूतावास 2013 मध्ये शहराच्या नव्या भागातल्या इमारतीत गेला, व्हाइट स्वानही नूतनीकरणासाठी काही वर्षं बंद होतं. 2020 मध्ये करोनामुळे सगळं थांबलं, आणि सप्टेंबर 2024 मध्ये चीनने जाहीर केलं की जवळच्या नात्यातली किंवा सावत्र मुलं सोडून यापुढे परदेशी दत्तक नाही. मूल ठरलेलं, फोटो हातात असलेली शेकडो कुटुंबं तशीच राहिली.

आता शामियानवर येणाऱ्यांत लग्नाचे फोटो काढायला आलेली चिनी जोडपी जास्त असतात. अधूनमधून विशी-तिशीतली दत्तक मुलं-मुलीही येतात. व्हाइट स्वानच्या दालनात अजून तो कृत्रिम धबधबा आहे. परदेशी गेलेल्या चिन्यांसाठी त्याच्यावर कोरलेल्या अक्षरांचा अर्थ होतो, ‘आपल्या गावचं पाणी’. त्यातल्या अनेकांना ती अक्षरं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागतात.