आडनाव बदललं, माणसं तीच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकत आलो. ‘गावातले कुलकर्णी आपले कोणी नव्हेत.’ आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. ते कुलकर्णी, आपण ‘कर’, विषय संपला! सातारा जिल्ह्यातलं ते लहानसं गाव आजोबांनी सोडलं, पुण्यात नोकरी धरली आणि पुढे कुणी फारसं मागे वळून पाहिलं नाही. निवृत्तीनंतर मी वंशावळ लिहायला बसलो तेव्हा वाटलं, आडनावाचं बोट धरलं की पणजोबांपर्यंत सहज पोचू. प्रत्यक्षात आजोबांच्या मागे ते बोटच सुटलं.

आज आडनाव म्हणजे आपल्याला दगडावरची रेघ वाटते. पूर्वी तसं नव्हतं. माणूस गाव सोडून गेला की गावाच्या नावानं ओळखला जाई, गावात राहिला तर वतनाच्या किंवा हुद्द्याच्या नावानं. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. फडणिशीच्या कामानं त्यांना फडणवीस केलं. होळ गावावरून होळकर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांचं आडनाव सकपाळ आणि मूळ गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत मुलाचं नाव दाखल झालं ते ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं. इतक्या मोठ्या माणसांच्या बाबतीत हे घडलं, तिथे तुमच्या-आमच्या घराण्याची काय कथा?

जुन्या कागदांत तर पुष्कळदा आडनावच नसतं. असतं ते ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’, म्हणजे तमुकाचा मुलगा. त्यातून कागद मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत. एक नाव संपून दुसरं कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. कालगणनाही एक नाही. १८५० सालच्या दिवाळीतला कागद शके १७७२ चा असेल, फसली १२६० चा असेल किंवा शुहूर सन १२५१ चा. तिन्ही आकडे बरोबर, दिवाळी एकच!

अशा जंगलात मी एकदा सपशेल चुकलो. एका जुन्या यादीत पणजोबांचं नाव आणि आमचंच आडनाव शेजारी शेजारी दिसलं. मला कोण आनंद झाला! घरच्या एका कार्यात मी ते सगळ्यांना वाचूनही दाखवलं. पुढे मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी तो कागद पाहिला आणि शांतपणे विचारलं, ‘‘अहो, ‘बिन’च्या पुढचं नाव पाहिलंत का?’’ ते नाव निराळंच होतं. त्याच गावातून बाहेर पडलेला दुसराच कुणी गृहस्थ होता तो. गावाचं नाव लावायला त्याला आमची परवानगी थोडीच हवी होती? मी दुसऱ्याच्या आजोबांना आपल्या घरात आणून बसवलं होतं. सगळ्यांना पुन्हा पत्रं लिहून चूक कळवावी लागली.

तेव्हापासून एक नियम केला. आडनाव शेवटी पाहायचं. आधी गाव, मग बापाचं नाव, मग भावांची नावं, वतन आणि कुलदैवत. यांपैकी तीन-चार गोष्टी जुळल्या तरच नातं मानायचं.

या नियमानं मला त्र्यंबकेश्वरी नेलं. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या असतात. मी आडनाव सांगितलं. उपाध्याय म्हणाले, ‘‘ते राहू द्या. गाव कोणतं?’’ गाव सांगताच वही निघाली. एका पानावर दोन भावांनी आपापल्या हातानं नावं लिहिली होती. दोघांचा बाप एक, आजा एक. त्यातला धाकटा म्हणजे माझे पणजोबा. त्यांनी गावाचं नाव लावून ‘कर’ लिहिलं होतं आणि थोरल्यानं त्याच शाईनं, त्याच दिवशी, ‘कुलकर्णी’. थोरल्याकडे वतनाचं काम होतं, धाकटा पोटासाठी बाहेर पडला होता. आपले कोणी नव्हेत असं ज्यांच्याविषयी ऐकलं, ते आमचे सख्खे भाऊबंद निघाले. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, आडनाव मात्र राहिलं आणि त्याचीच भिंत झाली.

त्याच पानावर पणजीचं नाव होतं. तिच्या नावापुढे ‘कोम’ आणि पणजोबांचं नाव. कोम म्हणजे बायको. ती कुणाची मुलगी, कुठल्या गावची, माहेरचं आडनाव काय, याचा एक शब्द नाही. पुरुषांची आडनावं बदलली तरी शोधता येतात. बायकांची मुळात लिहिलीच गेली नाहीत. वंशावळीत तिच्या नावामागची जागा मी कोरी ठेवली आहे. अंदाजानं भरली नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आईचंही नाव लागतं. उद्या शोधणाऱ्याला निदान तेवढा धागा मिळेल.

त्र्यंबकेश्वराहून आल्यावर मी गावी गेलो. कुलकर्ण्यांच्या घरी ऐंशी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्यांना वहीतल्या पानाची नक्कल वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘अरे, म्हणजे तुझ्या वडिलांचं सुतक आम्हाला होतं की! कळवायचं नाही का?’’

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आजींनी त्याच दिवशी डोक्यावरून स्नान केलं आणि मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.