चिमुकल्या विमानांतली बोलकी पेटी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं दुपारीं जुहूच्या मैदानावर एक लहानसें विमान उतरलें. कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन आलेलें तें 'पस मॉथ' जातीचें विमान जे. आर. डी. टाटा स्वतः चालवीत होते. पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीवरून मद्रासेस नेलें. टाटांच्या विमानसेवेचा हा आरंभ सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु श्रोतेहो, त्या विमानांत बिनतारी यंत्र मुळींच नव्हतें, ही गोष्ट आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. एकदां कराचीची धांवपट्टी सुटली कीं वैमानिकाचा जमिनीशीं संबंध उरे तो केवळ डोळ्यांचा. पुढें वारा कसा आहे, मैदानावर चिखल आहे कीं काय, हें विचारणार कोणाला?

बिनतारी विद्या तेव्हां अवतरलीच नव्हती असें मात्र नव्हे. २७ ऑगस्ट १९१० रोजीं न्यूयॉर्कनजीक शीप्सहेड बे येथें जेम्स मॅककर्डी यानें उडत्या विमानांतून मोर्सच्या लिपींत संदेश पाठविला होता. अडचण होती ती वजनाची आणि जागेची. कांचेचे व्हॉल्व्ह, त्यांना चढा विद्युत्-दाब पुरविणारें फिरतें यंत्र, जड बॅटऱ्या, आणि विमानाच्या शेपटीमागें सोडावयाची लांबच लांब तार, असा तो संसार. उतरण्यापूर्वीं ती तार आठवणीनें रिळावर गुंडाळावी लागे. मोठ्या विमानांत या कामासाठीं स्वतंत्र माणूस बसे. लहान विमानांत तेवढ्या वजनाचें टपाल नेणें अधिक शहाणपणाचें होतें.

दुसऱ्या महायुद्धानें अतिलघु लहरींचीं यंत्रें विमानांत आणलीं आणि तार आंखूड झाली. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि पुढील कांहीं दशकांत त्या मोठ्या पेटीची डबी झाली. या डबीचा खरा लाभ कोणाला झाला असेल, तर तो घरीं विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींना. आपल्याकडे ही हौस दुर्मिळ खरी, पण नाहीं असें नाहीं. व्यवसायानें वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनीं मुंबईंत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. गच्चीवरचें विमान जिन्यानें उतरत नाहीं; तें सुटें करून क्रेननें खालीं आणावें लागलें. फेब्रुवारी १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१६ च्या फेब्रुवारींत तें वांद्रे-कुर्ला संकुलांत लोकांना पाहावयास मिळालें, २०१७ त त्याची नोंदणी झाली, आणि २०२० सालीं धुळ्याच्या धांवपट्टीवर त्याच्या चांचण्या झाल्या.

सहा आसनांच्या विमानाची गोष्ट निराळी. एका वा दोघां माणसांपुरतें विमान बांधणाऱ्याचा खरा कस लागतो तो यंत्रफलकापाशीं, म्हणजे वैमानिक ज्याला 'पॅनेल' म्हणतात तेथें. त्याची रुंदी खांद्यांएवढी. तेवढ्यांत वेगमापक, उंचीमापक, होकायंत्र, तेलाच्या दाबाचा आणि उष्णतेचा कांटा, इतक्यांची सोय लावावयाची. घड्याळासारख्या या उपकरणांसाठीं फलकाला जीं गोल भोकें पाडतात त्यांचीं मापें ठरलेलीं आहेत : मोठें ७९ मिलिमीटर, लहान ५७ मिलिमीटर. उलट, विमानांतील रेडिओची प्रचलित चौकोनी पेटी सुमारें १५९ मिलिमीटर रुंद, आणि आंत पुष्कळ खोल. फलकामागें तरी मोकळी जागा असावी! पण कित्येक घरगुती विमानांत तेथेंच पेट्रोलची टाकी असते. टाकी नसेल तर वैमानिकाचे गुडघे असतात.

म्हणून जाणते लोक प्रथम पुठ्ठ्याचा फलक कापतात, त्यावर कागदी चकत्या चिकटवितात, आणि सुकाणूचा दांडा हातीं धरून तासन् तास तेथें बसून पाहतात. शेजारपाजारचे हंसतात, हंसोत बापडे. दांडा पुढें लोटतांना बोटें पेटीवर आपटतात हें पत्रा कापण्यापूर्वीं कळलेलें बरें. पुढें ५७ मिलिमीटरच्या भोकांत मावणारे रेडिओ निघाले. कांहींचें तोंड फलकावर आणि धड आसनाखालीं, अशीही फाळणी झाली. माझ्या मतें रेडिओला फलकाच्या मध्यभागीं मान देऊंच नये. ती जागा वेगमापकाची. वेग घटला आणि तें दिसलें नाहीं, तर विमान पडतें; रेडिओ मुका झाला म्हणून विमान पडत नाहीं. जो हात दांड्यावर नसतो त्याच्या टप्प्यांत, कडेला, त्याचें स्थान असावें. होकायंत्रापासूनही तो दूर बरा, कारण लोहचुंबकाशीं त्याचें वैर आहे. यंत्र बसविल्यावर विमान निरनिराळ्या ज्ञात दिशांना तोंड करून उभें करावें, रेडिओ चालू आणि बंद ठेवून होकायंत्राची चूक टिपावी, आणि तो तक्ता समोर लावावा.

कान असला म्हणजे डोळा मिटावा असें मात्र नाहीं. जुहूपासून सांताक्रूझचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. १९५३ सालीं एक 'कॉमेट' आणि १९७२ सालीं जपान एअरलाइन्सचें डीसी-८, हीं दोन्हीं प्रचंड विमानें सांताक्रूझऐवजीं चुकून जुहूच्या आंखूड पट्टीवर उतरलीं. रेडिओ दोहोंतही होता. कॉमेट पुढें उडून गेलें. डीसी-८ मात्र कायमचें निकामी झालें, सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

रेडिओ बसला तरी कटकट संपत नाहीं. इंजिनांतील मॅग्नेटोची प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी बिनतारी लहरच. तिच्या तारांना धातूचें विणलेलें आवरण नसेल तर कानांत नुसती तडतड. एरियलची तऱ्हा त्याहून चमत्कारिक. विमानांचें संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतें. तेथें पाव लहरीची कांडी सुमारें ५९ सेंटिमीटर भरते. पण तिला खालीं धातूचा पत्रा लागतो, आणि लांकडाच्या वा काचतंतूच्या विमानाला तो नाहीं. १९७५ सालीं बर्ट रुटान यांचें काचतंतूचें 'व्हेरिईझ' उडालें, तेव्हां जिम वीअर या अभियंत्यानें तांब्याच्या पट्ट्यांचें एरियल विमानाच्या अंगांतच पुरलें. काचतंतूंतून लहरी आरपार जातात. बाहेर कांडी नाहीं, तिचा वाऱ्याला अडथळाही नाहीं.

या लहरी दृष्टीप्रमाणें सरळ जातात, म्हणून उंचीचें महत्त्व. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरला, लागून असलेल्या केडगांवचें उदाहरण घ्या. तेथून पुण्याचा लोहगांव विमानतळ सरळ रेषेंत शंभरएक किलोमीटर. केडगांवावर ३०० मीटर उंचीवर असलेल्या वैमानिकाची हांक सुमारें ७० किलोमीटरच जाईल. ९०० मीटरांवर चढला तर सव्वाशे किलोमीटर, मधल्या टेकड्यांनीं आडकाठी केली नाहीं तर. जमिनीवर उभ्या विमानांतून मात्र पुण्याला कांहींच ऐकूं जाणार नाहीं. त्यामुळें नवा रेडिओ जमिनीवर मुका भासला, तर लगेच फलक उचकटूं नये. हातांत धरावयाचा दुसरा संच देऊन एखाद्या मित्राला मैल-दोन मैलांवरच्या उंचवट्यावर उभें करावें, आणि आधीं त्याच्याशीं बोलून पाहावें.