स्वरतंतूंवरील साध्या गाठी आणि घोषविचार

घोष आणि अघोष वर्णांतील भेद कंठद्वाराच्या संवृत-विवृत अवस्थेवर अवलंबून असतो, हे प्रातिशाख्यकारांनी अचूक ओळखले होते. मात्र ते द्वार प्रत्यक्ष पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. पाणिनीय शिक्षेत काकस्वराची गणना पाठदोषांत होते. दोष ठरविणारा कानच होता.

ही मर्यादा ओलांडली ती एका गायनशिक्षकाने. मान्युएल गार्सिया याने 1854 साली दंतवैद्याचा आरसा व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे चालते स्वरतंतू पाहिले आणि 1855 मध्ये आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. ट्युर्क व चेर्माक यांनी लवकरच हा आरसा वैद्यकात रूढ केला. 1861 मध्ये ब्रुन्स या जर्मन शल्यवैद्याने त्याच्या आधारे आपल्या भावाच्या स्वरयंत्रातील पॉलिप काढला.

परंतु दिसणे म्हणजे कळणे नव्हे. 1887 साली जर्मन युवराज फ्रेडरिक याच्या डाव्या स्वरतंतूवर गाठ दिसली. तिचा तुकडा तपासून विर्खो यांना त्यात कर्करोग आढळला नाही. गाठ साधी समजली गेली. प्रत्यक्षात तो कर्करोगच होता. वाचा गमावलेला हा सम्राट 99 दिवस राज्य करून 15 जून 1888 रोजी निवर्तला.

साध्या गाठीनेही आवाज का बिघडतो, याचा उलगडा हिरानो यांच्या 1974 मधील मांडणीने झाला. स्वरतंतू एकजिनसी नसून स्नायूच्या गाभ्यावर मऊ, सैल आवरण असते आणि कंपनाची लाट मुख्यतः त्या आवरणातून धावते. आवाजाच्या अतिताणाने होणाऱ्या गाठी बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात. पॉलिप सामान्यतः एकाच बाजूस असतो. दोहोंमुळे आवरण जड होते, तंतू पूर्ण मिटत नाहीत आणि फटीतून श्वास निसटतो. जीभ व ओठ यांचे कार्य मात्र अबाधित राहते.

भाषाभ्यासकाला येथे सावध राहणे प्राप्त आहे. मराठीत घ, झ, भ यांसारख्या वर्णांत श्वासमिश्रित घोष अर्थभेदक आहे. निवेदकाच्या सर्वच स्वरांत श्वास मिसळलेला आढळल्यास तो बोलीचा विशेष म्हणून नोंदविण्यापूर्वी त्याचा कंठ तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. अन्यथा शरीराची व्याधी भाषेच्या खात्यावर मांडली जाईल.