थंडीत वाजणारे व्हॉल्व्ह

हिवाळ्याच्या पहाटे एखादा जुना ट्रक सुरू केला, की इंजिनाच्या वरच्या अंगातून टकटक असा आवाज निघू लागतो. इंजिन तापले की तो कधी विरून जातो, कधी तसाच राहतो. मिस्त्री म्हणतात, "टॅपेट वाजताहेत." हे वाजणे आले कुठून, ते थांबवण्यासाठी माणसाने काय काय खटपट केली, आणि त्यावरून इंजिनाचे दुखणे ओळखायचे कसे, हे आज पाहू.

आपल्या गावचा लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, तेव्हा ती आधी आगीत लाल करतो. तापलेले लोखंड वाढते, निवाले की आवळते, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. इंजिनाच्या व्हॉल्व्हचे असेच आहे. जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह फार तापतो. अकरा सेंटीमीटर लांबीची पोलादी दांडी तीनशे अंशांनी तापली, तर ती सुमारे चार दशांश मिलिमीटर वाढते. ही वाढ सामावावी म्हणून व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवतात. रॉकर ती फट ओलांडून दांडीवर आदळतो, तीच आपली टकटक. म्हणजे थोडासा आवाज हा इंजिनाच्या रचनेतलाच आहे.

आता हे इंजिन आपल्याकडे कसे आले? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. त्याच सुमारास अमेरिकेत शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे नवे इंजिन तयार झाले आणि १९२९ च्या गाड्यांत बसले. चारच्या किमतीत सहा सिलिंडर, अशी त्याची जाहिरात असे. त्याचे व्हॉल्व्ह डोक्यावर होते. लांब पुशरॉड खालून रॉकर उचलत. १९३७ साली त्याच घराण्यातले २१६ घनइंचांचे इंजिन आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेल्या शेव्हरोले लष्करी ट्रकांतही ते होते. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर आपली एस.टी. सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात जवळजवळ दहा बनावटींच्या गाड्या तिच्याकडे होत्या. त्यांतही शेव्हरोले होती. शिवडीचा तो कारखाना १९५४ साली बंद झाला, पण "टॅपेट" हा शब्द आपल्या गॅरेजांत कायमचा राहून गेला.

या आवाजाला वैतागलेल्या माणसांत एक गृहस्थ शेतकऱ्यांच्या जगातलेच होते. चार्ल्स नाइट हे अमेरिकेत शिकागो येथे दूधदुभत्याच्या धंद्याविषयीचे नियतकालिक चालवत. आपल्या मोटारीच्या व्हॉल्व्हचा खडखडाट त्यांना सहन होईना. तेव्हा त्यांनी असे व्हॉल्व्हच काढून टाकले, आणि सिलिंडरमध्ये वरखाली सरकणाऱ्या नळ्या बसवून त्यांच्या खिडक्यांतून वायूची ये-जा करवली. १९०६ साली त्यांनी अशी गाडी शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. १९०८ साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ही रचना उचलली आणि १९०९ साली तिला मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. इंजिन खरोखर शांत चाले. पण ते तेल फार पिई, धूर सोडी, आणि थंडीत तेल घट्ट झाले की त्या नळ्या हलवणे जड जाई. आवाज गेला, खर्च वाढला.

दुसरी युक्ती म्हणजे फट तेलानेच भरून काढणारे टॅपेट. १९३० च्या सोळा सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्ये फट आपोआप भरून काढणारी तेलाची योजना होती. शेव्हरोलेने १९५० साली आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींत असे टॅपेट दिले. पण यांनाही थंडी बाधतेच. रात्रभरात त्यांतले तेल उतरते, सकाळी ते पुन्हा भरेपर्यंत टकटक ऐकू येते.

म्हणजे शेवटी प्रश्न तेलापाशी येतो. थंडीत तेल काकवीसारखे घट्ट होते. रशियाच्या हिवाळ्यात महायुद्धाच्या काळी ड्रायव्हर रात्री इंजिनातले तेल काढून ठेवत आणि सकाळी तापवून परत ओतत. तिकडे अमेरिकेतून शेव्हरोले आणि स्टुडबेकरचे ट्रक मोठ्या संख्येने गेले होते. पुढे १९५० नंतरच्या दशकात थंडीत पातळ राहणारे आणि उष्णतेत फार न पातळणारे तेल बाजारात आले. आपल्याकडे रशियाची थंडी नाही. तरी निफाडकडे काही वर्षी पहाटेचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि जुन्या ट्रकला तेवढे पुरते.

आता दुखणे ओळखायचे कसे ते सांगतो. व्हॉल्व्हचा आवाज बारीक असतो आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने पडतो, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मुख्य शाफ्टाच्या निम्म्या वेगाने फिरतो. लाकडी काठीचे एक टोक रॉकरच्या झाकणावर आणि दुसरे कानाशी धरले, तर जागा कळते. मग झाकण काढून, इंजिन सावकाश चालू असताना एकेका फटीत मोजपट्टीची पात सरकवावी. जिथे आवाज थांबला, तिथली फट वाढलेली आहे. सगळेच रॉकर वाजत असतील, तर तेल पोचत नाही असे समजावे. २१६ च्या इंजिनात रॉकरांना बारीक नळीतून तेल जाते आणि ती गाळाने तुंबते.

पण प्रत्येक टकटक व्हॉल्व्हची नसते. थंड इंजिनात पिस्टन सैल असल्यानेही ठोका पडतो आणि तापल्यावर जातो. धुराड्याच्या जोडातून वायू निसटला तरी तसाच आवाज येतो. तोही तापल्यावर दबतो. आणि खालून येणारा जड ठोका तर धोक्याचा! पेट्रोलच्या इंजिनात एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहावी. ठोका मऊ झाला, तर दोष कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. फरक पडला नाही, तर व्हॉल्व्हचा असण्याचा संभव अधिक. बेअरिंगचा ठोका टॅपेटचा समजून ट्रक तसाच लादून नेला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मालकाचे वर्षाचे उत्पन्न रस्त्यात सांडते.

याहून मोठी चूक म्हणजे थंड इंजिनाची टकटक ऐकवत नाही म्हणून फट आवळून टाकणे. या जुन्या शेव्हरोलेची फट तापलेल्या इंजिनावर मोजायची असते: आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला सुमारे ६ हजारांश इंच, बाहेर सोडणाऱ्याला सुमारे १३. फट अगदीच आवळली, तर तापून वाढलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. त्याच्या कडेने ज्वाळा निसटते, बैठक जळते, आणि घाटात ट्रकची ताकद जाते. सकाळी मात्र इंजिन छान शांत वाटते! म्हणून जुने मिस्त्री म्हणत, वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा मुका टॅपेट वाईट.

तेव्हा पहाटे ट्रक सुरू केल्यावर लगेच रेस करू नये. तेल वर चढायला दोन-चार मिनिटे द्यावी आणि मग कान द्यावा. शिक्षक बंधू-भगिनींनी उष्णतेने पदार्थ वाढतात हा धडा शिकवताना मुलांना आधी लोहाराच्या भट्टीपाशी न्यावे, आणि जमल्यास एखाद्या गॅरेजातही. धाव आणि व्हॉल्व्ह यांचा नियम एकच आहे, हे मुलांना तिथे लगेच कळेल.