नागपूरचे पहिले महापौर

जामसांवलीच्या भक्तमंडळीस नागपूर परके नाही. १९५६ पर्यंत सौंसर व पांढुर्णा ज्या प्रांतात होती, त्याची राजधानीच ती. तेथील महानगरपालिकेच्या पहिल्या महापौरपदाचा मान १९५२ साली बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांस मिळाला. चारच वर्षांनी प्रांत मोडला. आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला, नागपूरचे राजधानीपण गेले आणि वानखेडे यांचे कार्यक्षेत्र मुंबईकडे वळले. तेथे ते अर्थमंत्री व १९७२ ते १९७७ विधानसभेचे अध्यक्ष झाले. क्रिकेटच्या तिकिटांचा वाद विकोपास गेला तेव्हा त्यांनी नवे क्रीडांगणच उभारविले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. क्रीडांगणाचे नाव सर्वतोमुखी आहे. नळ, गटारे व दिवाबत्ती यांचा कारभार पाहिलेला नागपूरचा महापौर मात्र सीमेच्या अलीकडेही फारसा कोणास आठवत नाही.