ग्राँ काफे

१. खामगावच्या बाजारातील तंबूतल्या चलच्चित्रांच्या ओघात लेखकाने ज्या फ्रेंच उपाहारगृहाचा ओझरता निर्देश केला आहे, ते पॅरिस शहरी बुलव्हार दे कापुसीन या हमरस्त्यावर होते. त्याच्या तळघरातील दालनात २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी दरमाणशी एक फ्रँक आकारून दहा लघुपट दाखविले, तेव्हा अवघे ३३ प्रेक्षक हजर होते. त्या लघुपटांपैकी एकात कारखान्याच्या फाटकातून मजूर बाहेर पडतात, इतकेच. परंतु कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातून संध्याकाळी सुटणारी माणसे ज्यांनी नित्य पाहिली, त्या खामगावकरांस या साध्या दृश्याची मोहिनी निराळी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. पुढे ७ जुलै १८९६ रोजी, ऑस्ट्रेलियास निघालेल्या मारियस सेस्तिए या ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया दराने असेच खेळ केले. आठवड्याभरात ते नॉव्हेल्टी थिएटरात गेले व चार आण्यांत सामान्य रयतेच्याही आवाक्यात आले. मूळ मजकुरात पॅरिस यावे आणि वॉटसन मात्र गळावे, ही उणीव आम्हांस फार जाणवली. कारण १८९९ साली हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांच्या उद्योगाची प्रेरणा मुंबईतल्या याच खेळांत आहे. — संपादक