खुराड्याचं दार

कोंबड्या पाळायला काय लागतं? चार दाणे टाकायचे, तिन्हीसांजेला खुराड्यात कोंडायच्या, सकाळी सोडायच्या. असा आपला सर्वसाधारण समज असतो. पण शहापूर-मुरबाडकडच्या कोणत्याही घरी विचारा. तिथली बाई सांगेल, कोंबडी पाळणं सोपं, राखणं कठीण. आज मी बोलणार आहे ते या राखणीच्या इतिहासाबद्दल.

कोंबडी मुळात रानातली. आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा हा तिचा पूर्वज. तिची पिवळी कातडी मात्र दक्षिण भारतातल्या आणि सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याकडून आली असावी, असं 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. माणसाळलेल्या कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधल्या बान नॉन वाट इथले, इ.स.पू. 1650 ते 1250 या काळातले आहेत. 2022 साली संशोधकांनी त्याची जोडणी भातशेतीशी लावली. शेतातल्या, साठवणीतल्या दाण्याच्या आशेने रानकोंबडा माणसाजवळ आला. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर आणि मधे घर, हे चित्र आपल्या माहुली-माळशेजच्या पायथ्याला अनोळखी नाही.

रान जवळ म्हणजे रानातले शत्रूही जवळ. माझी आजी मुरबाडकडची. तिच्या परसात खुराडं जमिनीपासून हातभर उंच असे, दाराला आडणा आणि वर एक दगड. पिल्लं निघाली की ती दिवसा डालग्याखाली, कारण आकाशात घार. रात्री मुंगूस नाहीतर रानमांजर. कोंबड्या मोजल्याशिवाय आजी जेवायला बसत नसे. खुडूक कोंबडी कोणत्या कोपऱ्यात बसवायची, साप कुठून येतो, हे सगळं तिला तोंडपाठ. पाहुणा आला, पोर आजारी पडलं, शाळेची वही आणायची झाली की आधार कोंबडीचाच. घरातल्या बाईच्या हातातला तो रोकडा पैसा होता.

पण आडणा घालून न थांबणारा एक शत्रू होता. मानमोडी. कोंबडी पेंगते, हिरवट हगते, मान वाकडी होते आणि दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं. 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटलं होतं, यावरून त्या शब्दाची दहशत कळावी. कोंबड्यांचा हा रोग 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे नोंदला गेला आणि त्यानंतर लवकरच आपल्याकडे कुमाऊंतल्या राणीखेतला. म्हणून पुस्तकात त्याचं नाव राणीखेत. त्यावरची लस 1940 च्या दशकात तयार झाली ती तिथूनच जवळच्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा 1889 साली सुरू झाली होती आपल्या पुण्यात, आणि 1893 मध्ये हिमालयात हलवली गेली. आज पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचणी, एवढ्यावर मानमोडी रोखता येते. तरीही लसीची कुपी शीतपेटीतून पाड्यापर्यंत पोहोचणं आणि ती दहा घरांनी एकाच दिवशी वापरणं, हे अजून सगळीकडे जमलेलं नाही.

तिसरा शत्रू आला तो बर्ड फ्लू. 1997 साली हाँगकाँगमध्ये एच-5 एन-1 विषाणूची 18 माणसांना बाधा झाली, त्यातली 6 दगावली, तेव्हा जग जागं झालं. भारतातली पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाली. जानेवारी 2021 मध्ये परभणीतलं मुरुंबा. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातलं वेहळोली.

वेहळोलीच्या एका फार्मवर शंभराच्या आसपास पक्षी मेले. तपासणीत बर्ड फ्लू ठरला आणि एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे 25 हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला. परिघाची रेषा आखली की ती मोठी शेड आणि आजीचं खुराडं असा भेद करत नाही. करूही शकत नाही, कारण विषाणूही करत नाही. पण शेडवाल्याचा धंदा जातो, आणि परसातल्या बाईचा आधार जातो. 2021 साली राज्य सरकारने अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये भरपाई ठरवली होती. बाजारात गावठी कोंबडीची किंमत याच्या कितीतरी पट. अशा वेळी मेलेली कोंबडी गुपचूप ओढ्यात टाकण्याचा मोह होतो, आणि तिथेच साथीला पाय फुटतात. भरपाई वाजवी आणि वेळेवर मिळणं हासुद्धा रोगप्रतिबंधाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

मग आज परसात किंवा बंगल्याच्या बागेत चार कोंबड्या ठेवणाऱ्याने काय करावं? वर सांगितलेल्या तिन्ही साथी हिवाळ्याच्या शेवटी निघाल्या, हे ध्यानात ठेवावं. त्याच दिवसांत तलावांवर रानबदकं उतरतात आणि हा विषाणू पाणपक्ष्यांकडून येऊ शकतो. तेव्हा दाणा-पाणी छपराखाली ठेवावं, उघड्या डबक्याचं पाणी पाजू नये, बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. बाजारातून, जत्रेतून आणलेली कोंबडी निदान दोन आठवडे वेगळी ठेवावी. खुराड्यात जायची चप्पल निराळी असावी, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत, पोरांनाही तीच सवय लावावी. एकाएकी मरतूक झाली, तुरा निळा पडला, तोंड सुजलं, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, कापूनही खाऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. एरवी निरोगी कोंबडी आणि अंडी नीट शिजवून खायला भ्यायचं कारण नाही. 70 अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही.

मुंगूस डोळ्यांना दिसायचं, म्हणून दाराला दगड लावला जायचा. आताचा चोर दिसत नाही आणि तो आपल्याच चपलेला चिकटून आत येऊ शकतो. आजीची संध्याकाळची मोजणी मात्र अजून तितकीच कामाची आहे. रोज मोजणाऱ्याला पहिली आजारी कोंबडी पहिल्या दिवशीच दिसते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)